दुखण्याची गोळी, झोपेची गोळी, गुंगीचं औषध : तुमच्या घरी नेमकं काय म्हणता?

रामबागची_लेक (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न शब्दांचा आहे, पण माझ्यासाठी तो नुसता शब्दांचा राहिलेला नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आईच्या (वय ७६) गुडघ्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं, इथेच इंदूरला. आईचा जन्म इथला, सासर इथलं, हिंदी उत्तम बोलते, भाजीवाल्याशी माळवी बोलते, पण दुखायला लागलं की तिच्या तोंडात मराठीच येते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिने सिस्टरला विचारलं, "भूल कितनी देर रहेगी?" सिस्टर नवीन मुलगी होती, तिला वाटलं आई चुकीबद्दल बोलतेय, ती प्रेमाने म्हणाली, "अम्मा, कोई भूल नहीं होगी, आप चिंता मत करो." आईला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालंच नाही आणि त्याच धाकधुकीत ती आत गेली. मी शेजारी उभी होते, मलाही मधे बोलायचं सुचलं नाही.

दुसऱ्या रात्रीचं तर आठवलं तरी पोटात गोळा येतो. मी घरी आले होते, भाऊ खाली चहाला गेला होता, आईने वॉर्डबॉयला सांगितलं, "मुझे गुंगी आ रही है." त्याने ऐकलं गूंगी. मला फोन आला, "दीदी, अम्मा शायद बोल नहीं पा रही हैं." रामबागेतून दवाखाना गाठेपर्यंत डोक्यात एकच, अर्धांगवायू. पोचले तर आई डोळे मिटून पडलेली, म्हणाली "अगं एवढ्या रात्री कशाला आलीस, इंजेक्शनची गुंगी आहे नुसती."

आता घरी आलोय. गोळ्या ठेवायला आईने तिचा जुना मिसळणाचा डबा घेतलाय, सात वाट्यांचा, आणि स्ट्रिप वाटीत मावत नाही म्हणून ती कात्रीने कापून तुकडे टाकते. तीन प्रकारच्या गोळ्या आहेत आणि तिन्हींना ती दुखण्याचीच म्हणते. पांढरी दुखण्याची, मोठी दुखण्याची, रात्रीची दुखण्याची. गेल्या मंगळवारी तिने दुपारी एक घेतली आणि मी तासाभराने दुसरी दिली कारण तिने मला "दुखण्याची घेतली नाही अजून" असं सांगितलं, तिच्या मते ती दुसरी होती. वर शेजारच्या मावशींनी "शांतपणाची गोळी" म्हणून एक तुकडा देऊन ठेवलाय तो वेगळाच.

मला वाट्यांवर मराठीत पट्ट्या चिकटवायच्यात. वेदनाशामक, शामक वगैरे लिहू का? आईला वाचता येतं सगळं पण हे शब्द घरात कधी कोणी उच्चारल्याचं मला तरी आठवत नाही. तुमच्या घरी काय म्हणतात, आणि काय लिहिलं तर गोंधळ होणार नाही?

माळवी_अण्णा (इंदूर)

ताई, आधी आईंना लवकर बरं वाटो.

वेदनाशामक हा पाठ्यपुस्तकातला आणि औषधाच्या माहितीपत्रकातला शब्द आहे, घरात तो कोणी म्हणत नाही, आणि त्याला कारण आहे असं मला वाटतं. मराठी माणसाला वेदना होत नाहीत, त्याला कळ येते, ठणका लागतो, ठुसठुसतं, चमक भरते, उसण भरते, सणक जाते, आग होते, अंग मोडून येतं. वेदना हा शब्द मनाच्या दुःखासाठी किंवा पेपरातल्या बातमीसाठी. माझी आजी दातदुखीला ठणका म्हणायची आणि गुडघ्याच्या दुखण्याला कळ, आणि यांत ती कधी गल्लत करायची नाही. हिंदीत सांगताना मात्र सगळ्याचं दर्द होतं आणि डॉक्टर विचारतो कैसा दर्द, तिथे आपण अडकतो. तेव्हा आईंना विचारा ही गोळी कशावर, कळ की सूज की ठणका, आणि त्यांचा शब्द लिहा.

जुने लोक तर औषधाला शामक म्हणत नसत, "उतार पडला", "गुण आला", "लागू पडलं", "ठणका बसला" असं म्हणत, म्हणजे गोळी काय करते ते सांगत. चरकात मात्र शूलप्रशमन, अंगमर्दप्रशमन असे औषधांचे गटच आहेत, आणि वेदनास्थापन असाही एक आहे. म्हणजे शमवणं हा शब्द परका नाही, फक्त तो वैद्यांकडे राहिला आणि आपण गुण आला म्हणत राहिलो.

अजून एक, आपण माळव्यात राहतो म्हणून सांगतो. सगळ्या वेदनाशामकांची आजी म्हणजे अफू आणि ती आपल्या अंगणातली आहे. नीमच, मंदसौरकडे आजही सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमचला सरकारी अफू आणि अल्कलॉइड (म्हणजे अफूतून काढलेली मॉर्फिनसारखी द्रव्यं) कारखाना आहे, दुसरा तसा गाझीपूरला. लहानपणी मामाच्या ओळखीच्यांकडे मंदसौरला गेलो होतो तेव्हा पाहिलंय, हिरव्या बोंडाला दुपारी बारीक दात्यांच्या हत्याराने उभ्या चिरा देतात, रात्रभर दूध झिरपतं आणि पहाटे ते तपकिरी चिकट झालेलं खरवडून घेतात, बोटाला लागलं की धुतलं तरी जात नाही. त्याच बोंडातली खसखस आपण अनारशाला लावतो. आणि मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी देऊन झोपवून जायच्या. म्हणजे दुखणं घालवणारं आणि झोप आणणारं हे दोन्ही आपल्याकडे बराच काळ एकाच गोळीत होतं, आईंचं "रात्रीची दुखण्याची" हे मला म्हणून चुकीचं वाटत नाही, त्या शब्दात जुनी समजूत आहे.

औषधवाला_२६ (इंदूर)

ताई मी दवाबाजाराजवळ २६ वर्षं काउंटरवर उभा आहे म्हणून थेट बोलतो, राग मानू नका. पट्टीवर शब्द कोणता हा नंतरचा प्रश्न, आधी स्ट्रिप कापणं बंद करा. नाव, ताकद, एक्स्पायरी हे पानावर एखाद्याच जागी छापलेलं असतं, कात्री फिरली की चार गोळ्यांचा तुकडा बिननावाचा होतो. माझ्याकडे आठवड्याला एकतरी माणूस असा चांदीचा कोरा तुकडा घेऊन येतो आणि म्हणतो "यही वाली दे दो". कुठली देऊ?

काउंटरवर लोक काय मागतात ते सांगतो. पॅरासिटामॉल कोणी मागत नाही, क्रोसिन मागतात, कोविडनंतर डोलो मागतात, आणि कुठलीही कंपनी दिली तरी घरी जाऊन तिला क्रोसिनच म्हणतात. आयब्युप्रोफेन कोणी म्हणत नाही, कॉम्बिफ्लाम म्हणतात, आणि तिच्यात पॅरासिटामॉलही आहे हे दहातल्या नऊ जणांना सांगावं लागतं. झोपेची मागणारा आवाज खाली करतो. वयस्कर मराठी बायका "घबराटीची" म्हणतात, पुरुष "टेन्शनची" म्हणतात, आणि जुन्या पिढीला अजून सगळ्याच कांपोज, झोपेच्या गोळीचं जुनं नाव ते.

आता तुम्ही एक करा. तिन्ही स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं, कंपनीचं नाव सोडून खालची, इथे लिहा. आणि मावशींचा तुकडा आईला देऊ नका, तो काय आहे हे कळेपर्यंत तरी.

रामबागची_लेक

लिहिते. भिंग घेऊन वाचलं.

पांढरी : पॅरासिटामॉल ६५०.
मोठी : ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५.
रात्रीची, फार कळ आली तरच असं डॉक्टर म्हणाले होते : ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५.

मावशींना विचारून आले, त्यांची अल्प्राझोलाम ०.२५ आहे.

तिन्हीत पॅरासिटामॉल आहे हे मला आत्ता कळतंय.

औषधवाला_२६

बरोबर, तेच म्हणत होतो. आता हिशोब करा. पांढरी दिवसात तीन म्हणजे १९५०, मोठी दोन म्हणजे ६५०, रात्रीच्या दोन झाल्या तर अजून ६५०, एकूण ३२५० मिलिग्रॅम. मोठ्या धडधाकट माणसाला दिवसाची हद्द ४००० सांगतात, वयस्कर आणि किरकोळ अंगाच्या माणसाला डॉक्टर त्याहून कमीच ठेवतात कारण जास्त झालं तर यकृतावर येतं. म्हणजे मंगळवारी फार बिघडलं नाही, पण त्याच दिवशी थोडा ताप वाटला असता आणि तुम्ही क्रोसिन म्हणून ६५० च्या अजून दोन दिल्या असत्या तर ४५५०. तुमच्या मते ती दुखण्याची नसती, तापाची असती. यादी घेऊन डॉक्टरांना एक फोन कराच, कमी काय करायचं ते तेच सांगतील.

मोठीतलं ॲसिक्लोफिनॅक हे सूजेवरचं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन हीच जात. ही उपाशीपोटी नको, आणि ७६ वयाला किडनी, बीपी, ॲसिडिटी बघूनच डॉक्टर देतात. (याच जातीतल्या डायक्लोफिनॅकमुळे आपली गिधाडं गेली, औषध दिलेलं जनावर मेलं की ते खाऊन त्यांच्या किडन्या जायच्या, २००६ मधे जनावरांसाठी ते बंद झालं. आम्ही पोरं असताना गावाबाहेर झाडं भरून गिधाडं बसायची, माझ्या मुलाने एकही पाहिलेलं नाही, म्हणून लिहिलं.)

ट्रामाडॉल हे अफूच्या कुळासारखं काम करणारं, २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. ते आणि अल्प्राझोलाम, दोन्ही शेड्यूल एच-वन, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि रजिस्टरमधे पेशंटचं, डॉक्टरांचं नाव आम्हाला लिहावं लागतं. मावशी मायेने देताहेत ते समजतं, पण दोन्ही एकदम पोटात गेली तर गुंगी वाढते, श्वास मंदावतो, रात्री बाथरूमला उठताना पडायला होतं, आणि नवा गुडघा आहे. मावशींना गोड शब्दांत परत करा.

आईंना रक्त पातळ करायची गोळी दिली असेल तर तीही सांगा. पुष्कळदा ती ॲस्पिरिन असते, तीच ॲस्पिरिन जी डिस्प्रिन म्हणून डोकेदुखीला पाण्यात विरघळवून घेतात, पण घरात एकीला रक्ताची म्हणतात एकीला डोक्याची, आणि औषध एकच.

ग्वाल्हेरकर_सूनबाई

आमच्याकडे ग्वाल्हेरला सासूबाई "झोपेची गोळी" हा शब्द तोंडातून काढत नाहीत. मला आधी कळायचं नाही का. मग लक्षात आलं, आपल्या कानाला "झोपेच्या गोळ्या खाल्ल्या" म्हणजे वेगळंच काही ऐकू येतं, त्यांच्या माहेरी तसं झालेलं आहे. म्हणून त्या "शांतपणाची" म्हणतात. तुमच्या शेजारच्या मावशींचाही शब्द तोच दिसतोय म्हणून लिहिलं. पट्टीवर "झोपेची" लिहिण्याआधी आईंना विचारा त्यांना कसं वाटतंय, नाहीतर त्या वाटीला हातच लावणार नाहीत आणि डॉक्टरांनी दिलेली असेल तरी घेणार नाहीत. आमच्याकडे चार महिने असंच चाललं होतं.

भूल_डॉक्टर

मी नाशिकची, इंदूरात नोकरीला येऊन नऊ वर्षं झाली, काम भूल देण्याचंच. तुमचा पहिला परिच्छेद वाचून फार वाईट वाटलं कारण आईंनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचं उत्तर द्यायला माझ्यासारखं कोणीतरी तिथे दहा पावलांवर असणार.

इकडे आमच्या विभागाच्या पाटीवर निश्चेतना विभाग लिहिलेलं असतं, पेशंट आम्हाला बेहोशी के डॉक्टर म्हणतात. पण गुडघ्याच्या ऑपरेशनला पुष्कळदा बेहोशी नसतेच, पाठीत कमरेपाशी सुई देतो आणि कमरेखालचा भाग काही तास बधिर होतो, पेशंट जागा असतो, वर मन शांत राहावं म्हणून थोडं शामक देतो त्याने डोळा लागतो पण हाक मारली की ओ देतो. मराठीत आपण या सगळ्याला भूलच म्हणतो. पूर्ण भूल, कमरेतली भूल, जागेची भूल. शब्द चांगला आहे, भूल पडणे, भुलणे, त्यात काहीही भीतीदायक नाही, दुखणं विसरायला लावणं एवढंच आहे. आणि हिंदी माणसाला बधिरही सांगू नका, त्याला बधिर म्हणजे बहिरा ऐकू येतं. सुन्न म्हणा, तो दोघांचा शब्द आहे.

गुंगीसाठी हिंदीत "नींद सी आ रही है" किंवा "नशा सा लग रहा है" सांगावं. नशा म्हणायला आपल्या बायका लाजतात, पण दवाखान्यात तो शब्द नेमका समजतो. आणि एक फरक आईंना जरूर समजवा, की दुखणं थांबणं आणि गुंगी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरासिटामॉलने गुंगी येत नाही. ट्रामाडॉलने येऊ शकते, मळमळही होते. अल्प्राझोलामने गुंगी येते पण गुडघ्याच्या कळेवर तिचा उपयोग नाही. "गुंगी आली म्हणजे औषध जोरदार" अशी समजूत मी रोज ऐकते आणि ती खोडायला मला रोज पाच मिनिटं लागतात.

वॉर्डबॉयने फोन केला हे मात्र चांगलं केलं त्याने. बोलता येत नाही असं वाटलं तर वाट बघायचीच नसते.

वडोदऱ्याहून

आमच्याकडे वडोदऱ्यात मराठी घरात सुद्धा गुंगीला "घेन" म्हणतात, गुजरातीतून आलेलं, "घेनची गोळी", "घेन चढलंय". दुखावानी गोळी आणि घेननी गोळी असे दोन सरळ वेगळे शब्द गुजराती नर्सच्या तोंडात असतात त्यामुळे आमचं तसं अडलं नाही.

मला वेगळंच सांगायचंय. बाबांना कॅन्सर होता. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या तेव्हा घरात रडारड झाली, काका म्हणाले म्हणजे आता संपलंच, आत्या म्हणाली अफूवर ठेवणार का माझ्या भावाला. शब्दानेच घाबरलो आम्ही. चिठ्ठीवर पॅलिएटिव्ह (म्हणजे त्रास कमी करणारं) लिहिलेलं, मराठीत एका माहितीपत्रकात उपशामक लिहिलेलं, ते कोणाला कळलं नाही. दहा दिवस आम्ही गोळ्या कपाटात ठेवल्या आणि बाबा रात्रभर पलंगाची दांडी धरून बसायचे. मग एका डॉक्टरबाईंनी आईला समोर बसवून सांगितलं की ही मारायची गोळी नाही, कळ काढायची गोळी आहे, दर चार तासांनी घड्याळ लावून द्या, कळ यायची वाट बघू नका, आणि पोट साफ व्हायचं औषध सोबत द्या कारण याने बद्धकोष्ठ होतंच. बाबा त्यानंतर पाच महिने होते. खिडकीत बसून पेपर वाचायचे, ज्वारीची भाकरी मागून खायचे. ते दहा दिवस मला अजून टोचतात.

मॉर्फिन मिळणं पूर्वी फार कठीण होतं, १९८५ च्या त्याच एनडीपीएस कायद्यामुळे दवाखानेच ठेवायला घाबरायचे, २०१४ मधे कायदा बदलून ते थोडं सोपं केलं. पण घरातली भीती कायद्याने जात नाही. आमच्या आईने तिच्या वहीत त्या गोळीपुढे "कळ काढायची" एवढंच लिहिलं होतं, मॉर्फिन हा शब्द नंतर कोणी उच्चारलाच नाही आणि गोळी एकदाही चुकली नाही.

माळवी_अण्णा

वडोदऱ्याच्या ताई, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. कळ काढणं म्हणजे आपल्याकडे खोडी काढणं पण आणि सोसणं पण. "थोडी कळ काढ" म्हणतो ना आपण, म्हणजे धीर धर. तुमच्या आईने त्याला तिसराच अर्थ दिला.

रामबागची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी मोठी दिवसात एकच केली आणि पांढरीच्या वेळा ठरवून दिल्या. रात्रीची लागेल तशी, पण ती घेतली तर त्याच्या आसपास पांढरी नाही. रक्ताची गोळी आहे, ती वेगळ्या डबीत काढली. मावशींची गोळी परत दिली, आईनेच दिली, म्हणाली "माझी झोप आता बरी आहे, तुम्हालाच लागेल."

काल संध्याकाळी आईला घेऊन बसले पट्ट्या लिहायला. वेदनाशामक वाचून ती म्हणाली, "हे तर शाळेतल्या फळ्यावरचं वाटतं." शेवटी तिने सांगितलं तसंच लिहिलं. पांढरीवर "कणकणीची आणि बारीक कळेची". मोठीवर "सूजेची, जेवल्यावरच". रात्रीचीवर "मोठ्या कळेची, गुंगी येते, एकटीने उठू नये". तिन्हींच्या खाली लाल पेनने एक बारीक ओळ, "यात पॅरासिटामॉल आहे", कारण आता मलाच ती ओळ बघितल्याशिवाय गोळी काढवत नाही. स्ट्रिपा अख्ख्याच ठेवल्यात, मिसळणाचा डबा तिच्या ताब्यात परत गेला आणि गोळ्या आता बिस्किटांच्या चपट्या डब्यात आहेत.

तिच्या उशाशी एक कागदही लावलाय, भूल म्हणजे बेहोशी या सुन्न करना, गुंगी म्हणजे नींद सी आना, कळ म्हणजे ज़ोर का दर्द, ठणका म्हणजे रुक रुक के दर्द. परवा व्यायाम घ्यायला येणारा मुलगा तो वाचून म्हणाला, "अम्मा, आज कळ है कि ठणका?" आई इतकी खूष झाली की त्या दिवशी दोन फेऱ्या जास्त चालली.

एकच राहिलं, डब्याच्या पत्र्यावर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या तेलाच्या हाताने दोन दिवसांत मळल्या. त्यावर काय करावं?

औषधवाला_२६

वरून रुंद पारदर्शक सेलोटेप लावा, कडा डब्याच्या खाली दुमडून घ्या. आणि ठणका म्हणजे रुक रुक के नव्हे, टीस मारना लिहा, इंदूरचा पोरगा तेच समजेल.